घरच्या वापरासाठी

"घरची गाय, घरचा चारा, घरचा लोटा. अन् कोण पिते, हे निगमवाल्यायले काहून सांगाचं?"

रामराव हे भुरीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणत होते. धार काढताना त्यांचा आवाज गाईच्या बरगड्यांतून घुमून यायचा, त्यामुळे तक्रार माणूस करतोय की जनावर, असा प्रश्न पडावा. स्वयंपाकघराची खिडकी गोठ्यावर उघडते. पुष्पाबाई आत कणीक मळत होत्या. त्यांनी ऐकलं. गेले अडीच महिने त्या सगळं ऐकत होत्या, पण आत काही पोचत नव्हतं. हात कणकेत होते, कणीक मऊ झाली होती, तरी मळणं चाललं होतं.

"ऐकून राहिली का वो?"

"हो."

"मंग बोल ना काही."

"काय बोलू?"

रामराव पुन्हा गाईशीच बोलू लागले. ती निदान कान हलवायची.

रामराव विजेच्या खात्यातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाले. हिंदी मुलखातल्या महाराजपुरात घर, घरामागे मोकळी जागा. निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात. रामरावांनी गाय आणली. घराण्यात वऱ्हाडापासून चालत आलेलं एक व्रत होतं. धार काढली की पेला तसाच तोंडाला लावायचा. चुलीवर गेलं की दुधाचा जीव गेला, असं त्यांचे वडील म्हणायचे. आणि घरात कोणी दोन जिवांची असली, तर पहिला पेला तिचा. रामरावांच्या आईनं पुष्पाबाईंना असाच पेला दिला होता, तेव्हा वीरेंद्र पोटात होता. त्यामुळे वीरेंद्रची बायको एकता गरोदर राहिली, तेव्हा पुष्पाबाईंनीही पेला धरला. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं. तुम्हा-आम्हाला तरी कुठे वाटतं?

या हिवाळ्यात नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, कागद आला. दूध विकणाऱ्यांनी जनावरांची नोंद करावी, रक्त तपासून घ्यावं. ज्यांचं जनावर केवळ घरच्या वापरासाठी आहे, त्यांनी एक माहितीपत्र भरून सही द्यावी. तपासणी नको असेल तर नको. मात्र माहिती खरी हवी.

रामरावांचं आयुष्य माहितीपत्रं भरण्यात गेलं होतं. त्यांनी हे वाचलं आणि चष्मा पुसला. भुरीचं दूध गल्लीतली तीन घरं घेत होती. म्हणजे विक्री झाली. म्हणजे रक्त. मग त्यांनी कोऱ्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं की, सदर गाय ही चार कुटुंबांच्या सामाईक मालकीची असून दूध घरच्या वापरासाठी आहे. गल्लीतली तीन घरं एका दुपारी गाईची मालक झाली. गाईला कोणी विचारलं नाही.

"काकू, आली मी!"

मागच्या दारातून पायल आत आली. शेजारच्या घरात भाड्यानं राहणारी, पंचविशीची, चौथा महिना लागलेली. माहेर लांब, सासर त्याहून लांब. मराठी तिला कळायची सगळी, बोलताना मात्र हिंदीत घसरायची. ती गोठ्यापाशी उभी राहिली आणि रामरावांनी भरून दिलेला पेला तिनं डोळे मिटून संपवला. ओठांवर फेस राहिला. तो पुसत ती खिडकीकडे बघून हसली.

"काकू, सच्ची सांगते, आता सवय झाली. आधी उलटी यायची."

पुष्पाबाईही हसल्या. म्हणजे चेहऱ्यानं हसल्या. आपल्या घरातलं हातचं गेलं, तर निदान कोणाच्या तरी पोटाला लागू दे, असं वाटून त्यांनीच पायलला बोलावलं होतं.

आतल्या खोलीत एकता झोपून होती. सहावा महिना लागता लागता, दिवाळीच्या आठ दिवस आधी, तिचं बाळ गेलं. घरात त्याला "ते झालं तेव्हा" असं म्हणत. त्याच्या आधीपासून तिला ताप यायचा, तो अजून जात नव्हता. सकाळी बरी असायची. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामानं चादर भिजायची, गुडघे आणि कंबर दुखायची. टायफॉइडची तपासणी दोनदा केली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, मनाला लागलं असेल. घरच्यांनीही मान डोलावली. मनाला लागलं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

एकता शाळेत शिकवायची. आता ती दिवसभर पंख्याकडे बघायची. थंडीत पंखा बंद असतो. ती बंद पंख्याकडे बघायची.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती या घरात कोणीच सांगत नव्हतं.

श्रावणात भुरी गाभडली होती. सातव्या महिन्यात. सकाळी नथ्थू गोठा झाडायला आला, तर वासरू मेलेलं पडलेलं. नथ्थू पन्नाशीचा, कुंडम गावाकडचा, जनावरांत वाढलेला. त्यानं नुसत्या हातांनी सगळं ओढून काढलं आणि मागच्या भिंतीशी खड्डा करून पुरलं. एकता तेव्हा चार दिवस माहेरी, छिंदवाड्याला गेली होती. तिला तिसरा महिना होता.

गाभडणं हा शब्द दोन जिवांच्या बाईसमोर उच्चारायचा नाही! पुष्पाबाईंच्या माहेरी नाही, सासरी नाही, कुठेच नाही. उच्चारला की अपशकुन. म्हणून एकता परतली तेव्हा तिला सांगितलं की भुरी व्यायली, वासरू नथ्थूनं कुंडमला नेलं. भुरी दुधावर आली होती, थोडी कमी, पण आली होती. आंबोण पुढे ठेवलं की वासराविनाही पान्हा सोडायची. आणि त्याच दुधाचा पहिला पेला, कच्चा, कोमट, फेसाळ, पुष्पाबाईंनी सुनेच्या हातात दिला. रोज दिला. एकता नको म्हणायची, तेव्हा पदरानं तिचं तोंड पुसून दिला.

मायेनं लपवलं, आणि मायेनंच पाजलं.

*

सामाईक मालकीच्या कागदावर दोन घरांनी सह्या केल्या. तिसरं घर समोरच्या बेबीताईंचं. बेबीताई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. कागद वाचून त्या सही करायच्या ऐवजी कागद घेऊन स्वतःच आल्या आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या.

"रामरावभाऊ, याच्यात लिहिलं का मी गाईची मालकीण हाओ."

"कागदावर हो, बेबीताई. चार घरं मालक, म्हणजे विक्री नाही. विक्री नाही, म्हणजे तपासणी नाही."

"अच्छा. म्हणजे सुई टाळाले मी गाय घेऊ?"

"सुई भुरीले टाळाची आहे, तुमाले नाही," रामराव हसले. एकट्यानंच.

"भाऊ, एक सांगा. चौकातला डेअरीवाला दूध विकते. त्याच्या जनावरायचं रक्त तपासावं का नाही?"

"तपासलंच पाहिजे! काय काय करून राहिले ते लोक, तुमाले माहीत नाही."

"त्याचं दूध कोण पिते?"

"कोणीही. गिऱ्हाईक."

"म्हणजे परके. अन् भुरीचं?"

"आपण. एकता प्यायची. आता पायल पिते. आपलीच माणसं."

"मंग परक्याच्या पोटात जाईल ते तपासून, अन् आपल्या सुनेच्या पोटात जाईल ते बिनतपासलेलं! हे कोणतं प्रेम आहे हो, भाऊ?"

रामराव शेवटी बाबू माणूस. त्यांनी मागच्या फायली काढल्या.

"आमचे आजे, पणजे धारेचं दूध पिऊन राहिले. कोणाले काय झालं?"

"तीस वर्षं हेच ऐकलं मी वॉर्डात. ज्यायले झालं ते सांगाले राहिले नाहीत. अन् जे राहिले, त्यायले कळलं नाही का कशानं झालं. कोणी म्हणे वारा लागला, कोणी म्हणे नजर. मी काही गाईच्या विरोधात नाही, बाप्पा. मीही भुरीचंच दूध घेतो ना? पण पातेल्यात चांगलं उकळून घेतो. तिचा मुका घ्या, तिची पूजा करा. पण रक्त तपासा, अन् दूध उकळा. याच्यात गाईचा अपमान कुठून आला?"

पुष्पाबाई चहा घेऊन आल्या. बेबीताईंनी कप घेतला, पण पिण्याआधी आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं. आवाज उतरवला.

"पुष्पाताई, एकताचा ताप संध्याकाळीच चढते ना? घाम येते? सांधे धरते?"

"हो."

"नथ्थूची कंबर तीन महिन्यांपासून धरली आहे, म्हणे. त्यालेही संध्याकाळी कसर येते, अंग तापते." बेबीताईंनी खुर्ची जवळ ओढली. "एक ताप असते, जनावराकडून येते. कच्च्या दुधातून येते, अन् मेलेलं वासरू नुसत्या हातानं काढलं तर तिथूनही. पोटुशी बाई असली तर पोटातल्या जिवाले धोका. त्याची रक्ताची तपासणी वेगळी असते. डॉक्टरले कोणी काही सांगितलंच नाही, तर तो कुठून करेल? औषध आहे त्याले. दीड महिना घ्यावं लागते, पण आहे. एकच सांगा मले. भुरी गाभडली होती का?"

पडदा किंचित हलला. वाऱ्यानं असेल. नाहीतर आत कोणी कूस बदलली असेल.

"नाही," पुष्पाबाई म्हणाल्या.

"नाही?"

"नाही वो. वासरू कुंडमला आहे, नथ्थूकडे."

रामराव चहाच्या कपात बघत राहिले. बेबीताईंनी चहा संपवला, सही न करता कागद खुर्चीवर ठेवला, आणि जाताना पुष्पाबाईंच्या पाठीवर हात ठेवला. तो हात जड होता की हलका, हेही पुष्पाबाईंना कळलं नाही.

दार लागल्यावर रामराव म्हणाले, "बरं केलं."

"काय बरं केलं?"

"नाही म्हटलं ते. एकताले काय वाटलं असतं?"

दुपारी पुष्पाबाई मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे आता मेथी लावली होती. चांगली आली होती. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, आलं नाही. त्यांनी मेथीची जुडी खुडली आणि निवडायला बसल्या. मनात एकच वाक्य होतं, पण ते अर्धंच यायचं. "म्हणजे मीच…" आणि थांबायचं. देठ एकीकडे, पानं एकीकडे.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक शहाणपण केलं. अर्धं शहाणपण. कोणाला काही न सांगता पायलच्या वाट्याचं दूध उकळलं, निवू दिलं आणि तिला गोठ्याऐवजी स्वयंपाकघरात बोलावून पेल्यात भरून दिलं.

"काकू, आज गरम काहून?"

"थंडी आहे."

"साय आली आहे. मले साय नाही आवडत." तिनं नाक मुरडत प्यायलं.

चार दिवस असं चाललं. पुष्पाबाईंना वाटलं, झालं. कोणाला न दुखावता झालं. शब्दही बोलावा लागला नाही. आपल्या घरांतले निम्मे प्रश्न आपण असेच सोडवतो ना? पातेलं बदलायचं, तोंड उघडायचं नाही.

पाचव्या दिवशी पायल पेला ठेवताना हळूच म्हणाली, "काकू, नाराज नका होऊ हं. हे मी तुमच्यासाठी पिते. काकाजी त्याच्या आधीच गोठ्यात देतात ना ताजं, फेसवालं. ते म्हणाले, काकूला नको सांगू, तिला आजकाल काही सुचत नाही."

पुष्पाबाईंच्या हातातून पेला सुटला नाही. तसं काही झालं नाही. त्यांनी तो विसळला आणि पालथा घातला. फक्त त्यांना प्रथमच जाणवलं की पाणी फार गार आहे. बोटं दुखत होती. अडीच महिन्यांत काही दुखल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्याच सकाळी निगमची माणसं गल्लीत आली. माणसं म्हणजे एकच मुलगी, पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्र. जनावरांची डॉक्टर.

"नमस्ते जी. अमिता नाम है मेरा. गाय का फॉर्म…" तिनं दारावरची पाटी वाचली आणि हसली. "मराठी घर आहे? माझंही. इथंच, गोहलपुरात."

रामराव खुलले. ओसरीवर खुर्ची आली. पायल जाता जाता थांबली. डॉक्टरीण कशी असते ते बघायला. समोरच्या घरातून बेबीताई आल्या आणि काही न बोलता खांबाशी उभ्या राहिल्या. रामरावांनी सामाईक मालकीचा कागद पुढे केला. अमितानं तो वाचला.

"काका, अक्षर सुंदर आहे तुमचं."

"पस्तीस वर्षं नोटिंग-ड्राफ्टिंग केलं."

"गाईला चार मालक झाले, तरी गाय एकच राहते ना पण? दूध चार घरांत जातं, आजारही चारच घरांत जाईल."

"आजार नाहीच तिले. बघा ना कशी तुकतुकीत आहे."

"हा आजार वरून दिसत नाही, काका. गाय खाते, पिते, दूध देते. म्हणून तर फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर हो असेल, तर घरच्या वापराची गाय असली तरी मी रक्त घेते. नाही असेल, तर तुमची सही घेऊन जाते. मी काही घरात घुसून बघणार नाही. तुमच्या शब्दावर आहे सगळं."

"आणि निघालं काही तर? घेऊन जाल भुरीले?"

रामरावांचा आवाज बदलला होता. बाबूचा राहिला नव्हता.

"आधी तपासू द्या. निघालं तर वेगळी ठेवावी लागेल, दूध बंद करावं लागेल. पुढचं आमचे साहेब बघतील. खोटं नाही सांगत, तुम्हाला त्रास होईल." तिनं पेन उघडलं. "प्रश्न विचारू? गेल्या वर्षभरात जनावर गाभडलं होतं का?"

शब्द ओसरीवर पडला. पायल समोर उभी, चार महिन्यांची. तिचा हात आपसूक पोटावर गेला. आतला पडदा सरला आणि शाल गुंडाळलेली एकता दाराशी आली, चौकटीला धरून. किती दिवसांनी ती खोलीबाहेर आली होती!

"नाही," रामराव म्हणाले. "लिहा. नाही."

पेन कागदाकडे गेलं.

एक क्षण होता तो. पुष्पाबाईंनी पायलकडे पाहिलं, एकताकडे पाहिलं. दोघींपासून आपण एक शब्द लपवला, अपशकुन होऊ नये म्हणून. आणि शब्दानं काहीच केलं नसतं! जे केलं, ते पेल्यानं केलं असेल. शब्द आधीच बोलला असता, तर पेला ओठांपर्यंत गेला नसता. एकीच्या वेळी गप्प राहिलो. आता दुसरीच्याही वेळी राहायचं?

आपल्यापैकी कितीजण त्या ओसरीवर उभे आहेत, हे ज्यानं त्यानं आपल्याशी बघावं. नियम बाहेरच्यांसाठी आणि माया घरच्यांसाठी, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. आजाराला ती वाटणी ठाऊक नाही. आपलं जनावर तपासून घेणं, दूध उकळूनच देणं, घरात जे घडलं ते डॉक्टरला खरं सांगणं, हीसुद्धा मायाच आहे. न तपासलेली माया पाजू नये. आपल्या माणसाला तर मुळीच नाही!

"थांबा, मॅडम!" पुष्पाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "खोडा ते."

"पुष्पा!" रामराव ओरडले. "पोरी उभ्या आहेत समोर!"

"म्हणूनच सांगून राहिली. पोरींसमोरच सांगाचं होतं." त्यांनी पायलचा हात धरला, पण बघत राहिल्या एकताकडेच. "भुरी गाभडली होती. श्रावणात. सातव्या महिन्यात, मेलेलं वासरू पडलं. आमाले सगळ्यायले माहीत होतं. अन् पंधरा दिवसांनी तिचं कच्चं दूध मी तुले पाजलं, एकता. तू नको म्हणत होती, तरी पाजलं. मी पाजलं."